जपून ठेवलं होतं, पण कुठे? मुंबईच्या घरात वस्तू वेळेवर सापडण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी तीस वर्षं ग्रंथालयात गेली. निवृत्त झाल्यावर वाटलं, आता कुणी काही शोधून मागणार नाही. पण आमच्या सोसायटीतल्या बायका, भाचेसुना आणि त्यांच्या मैत्रिणी घरातल्या वस्तूंबद्दल विचारायला लागल्या. माझं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं, दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात माणसं होतो. आता मुलुंडला वन बीएचके आहे. त्यामुळे खालची उत्तरं अशाच घरांना धरून आहेत. अंगण, परसदार, स्टोअररूम असलेल्यांना यातलं निम्मं कामाला येणार नाही.

आमच्या घरात जागाच नाही, मग मांडणी कसली करायची?

जागा असणं आणि वस्तू सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत दोन-दोन, तीन-तीन पिढ्या राहिल्या. आमच्या चाळीतही अंधारात हात घातला तरी काडेपेटी हाताला लागायची, कारण तिला कोनाड्याशिवाय दुसरी जागाच नव्हती. पुढे घर मोठं झालं, फर्निचर आलं, बंद दारं आली आणि शोधाशोध वाढली.

वस्तू ठेवताना आपण विचारतो, "ही कुठे मावेल?" शोधताना विचारतो, "ही कुठे असेल?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चालत नाही. पावसाळी चपला दिवाणात मावल्या म्हणून दिवाणात गेल्या, पण जून उजाडल्यावर दिवाणात चपला कोण शोधणार?

आईला सगळं माहीत असतं. मग एवढा खटाटोप कशाला?

ती घरी नसेल तेव्हासाठी.

२०१४ च्या पावसाळ्यात सासूबाई मोरीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. रात्रीचे साडेअकरा. इस्पितळात मेडिक्लेमचं कार्ड मागितलं. कार्ड घरात आहे हे सगळ्यांना माहीत, कुठे आहे ते फक्त सासूबाईंना. त्या इंजेक्शनच्या गुंगीत, डोळे मिटूनच म्हणाल्या, "जपून ठेवलंय गं." आम्ही नवरा-बायकोनी घर उलथंपालथं केलं. पहाटे चारला कार्ड सापडलं. दिवाणात, गोधड्यांच्या खाली साडीच्या दुकानाची लाल पिशवी होती. त्या पिशवीत आणखी एक पिशवी, तिच्यात सासऱ्यांची बंद झालेली पासबुकं, आणि दोन पासबुकांच्या मध्ये कार्ड.

त्यांनी खरंच जपून ठेवलं होतं. चोरालाही सापडलं नसतं आणि आम्हालाही.

तेव्हापासून माझी कसोटी एकच आहे. वस्तू ज्याने ठेवली नाही त्याला ती सापडली पाहिजे. ग्रंथालयात हे रोजचंच असतं. पुस्तक लावतो एक, मागतो दुसरा, काढून देतो तिसरा. घरात मात्र आपण सगळा कॅटलॉग एका बाईच्या डोक्यात ठेवतो आणि ती चार दिवस माहेरी गेली की दर तासाला तिला फोन करतो.

सुरुवात कुठून करावी? माळ्यावरून?

माळ्यावरून अजिबात नाही. रविवारी सकाळी उत्साहाने माळा उतरवायचा आणि संध्याकाळी पाहुणे आले म्हणून सगळं पुन्हा वर कोंबायचं, हा प्रकार मी डझनभर घरांत पाहिलाय.

फ्रिजवर एक कागद लावा. आठ दिवस घरात कुणीही काहीही शोधलं की त्यावर लिहायचं. आमच्या कागदावर पहिल्या आठवड्यात असं निघालं: कात्री (पाच वेळा), नेलकटर, स्कूटरची किल्ली, चार्जर, टेस्टर, फेव्हिकॉल, डॉक्टरांची जुनी चिठ्ठी, पुन्हा कात्री. म्हणजे शोधाशोध सात-आठ वस्तूंचीच होती. आधी त्यांची सोय लावा. माळा कुठे पळून जात नाही.

एखाद्या वस्तूची जागा ठरवायची कशी?

घरातल्या दोघा-तिघांना वेगवेगळं विचारा, "सेल लागले तर कुठे बघशील?" वस्तू कुठे आहे हे विचारायचं नाही, ते कुठे बघतील हे विचारायचं. आमच्याकडे मी सेल स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये ठेवायचे. नवरा आणि मुलगा दोघंही म्हणाले, टीव्हीखाली. मी हट्ट सोडला, सेल टीव्हीखाली गेले, आणि तेव्हापासून सेलवरून हाका ऐकू येत नाहीत.

मात्र वस्तू एक आणि जागा एकच. कात्रीसारख्या अपवादांना सरळ दोन करा. एक स्वयंपाकघरात दुधाच्या पिशव्यांसाठी, एक बाहेर. त्यांच्या मुठी वेगळ्या रंगाच्या घ्या, म्हणजे कोणती कुठली यावर वाद होत नाही.

वस्तू प्रकाराप्रमाणे ठेवाव्यात की प्रसंगाप्रमाणे?

हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न आहे, कारण ग्रंथालयशास्त्रातही यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झालेत. घरासाठी माझं उत्तर असं: रोजच्या वस्तू प्रकाराप्रमाणे, वर्षातून एकदा लागणाऱ्या प्रसंगाप्रमाणे.

गणपती घ्या. प्रकाराप्रमाणे लावलंत तर ताम्हन आणि पळी भांड्यांत जाणार, झांजा खेळण्यांत, लाइटची माळ इलेक्ट्रिकच्या सामानात, चौरंग माळ्यावर, आरतीचं पुस्तक पुस्तकांत. मग आदल्या रात्री पाच ठिकाणी शोधमोहीम. त्यापेक्षा 'गणपती' असा एकच मोठा डबा करा आणि सगळं त्यात टाका. झांजा, समई, वाती, लाइटची माळ, मखराचे नटबोल्ट, पडद्याच्या क्लिपा. एक्स्टेंशन बोर्डही त्यातच हवा, आणि तो वर्षभर बाहेर काढायचा नाही. या नियमावरून आमच्या घरात भांडणं झाली आहेत, पण मी ढळले नाही.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी डबा बंद करताना सगळ्यात वर एक चिठ्ठी ठेवते: 'माळेचे दोन दिवे गेलेत. मोठी निरांजन गळते. कापूर संपला.' पुढच्या वर्षी डबा उघडला की खरेदीची यादी आयती हातात येते.

दिवाळीचंही तसंच. आकाशकंदिलाचा सांगाडा, वायर आणि होल्डर एकत्र. चकलीच्या सोऱ्यात त्याच्या सगळ्या चकत्या, आणि वरून सुती नाडीने घट्ट बांधायचं. सोऱ्या कधी हरवत नाही, नेमकी चकलीची चकती हरवते आणि शेवेच्या चारही चकत्या हजर असतात. करंजीचं कातणंही त्याच गाठीला अडकवा.

माळ्यावर काय आहे तेच आठवत नाही. काय करू?

माळा बहुतेक घरांत दोन फुटांहून खोल असतो आणि आपला हात असतो साधारण तेवढाच. म्हणजे मागची रांग गेली ती गेलीच. स्टुलावर उभं राहून एका हाताने समोरची बॅग धरायची आणि दुसऱ्या हाताने मागे चाचपडायचं, यात माणसं पडतात. म्हणून आधी एक मजबूत शिडी आणि खाली धरायला माणूस.

मागच्या रांगेत वर्षातून एकदाच लागणाऱ्या गोष्टी ठेवायच्या, पुढच्या रांगेत वर्षातून चारदा लागणाऱ्या. महिन्यातून एकदा लागणारी वस्तू माळ्यावर टाकूच नका, ती वर गेली की तुम्ही बाजारातून दुसरी आणाल. प्रवासाच्या बॅगा रिकाम्या ठेवू नका. मोठीत लहान बॅग, लहानीत स्वेटर, कानटोप्या आणि शाली. मुंबईत त्या लागतात कधी? महाबळेश्वरला किंवा उत्तरेत जाताना, आणि तेव्हा बॅग उतरवावी लागतेच.

प्रत्येक डब्याला नंबर. नंबर समोरच्या बाजूला, ठळक, तळहाताएवढा. झाकणावर लिहिलेलं खालून दिसत नाही. मागच्या रांगेतल्या डब्याचा नंबर त्याच्या पुढच्या डब्यावरही लिहायचा, '७, मागे ८' असा. आणि एक वही. शाळेची शंभर पानी पुरते. आमच्या वहीतलं एक पान असं आहे:

माळा, खिडकीकडून पहिला: डबा ५. फराळाची मोठी पातेली २, झारा, सोऱ्या, पोळपाट जुना.
त्याच्या मागे: डबा ६. लग्नाचे अल्बम ३, मुलाची पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं, बारशाची कुंची.
मधला: डबा ७. ताडपत्री, नायलॉनची दोरी, गळतीला लावायच्या बादल्या नाहीत, त्या गॅलरीत.
१२ मे: ताडपत्री शेजारच्यांना दिली. २ ऑक्टोबर: परत आली.

शेवटच्या दोन नोंदी महत्त्वाच्या. पुस्तक बाइंडिंगला गेलं की आम्ही त्याच्या जागी एक ठोकळा किंवा पुठ्ठा ठेवायचो. त्यावर पुस्तकाचं नाव आणि ते कुठे गेलंय ते लिहिलेलं असायचं. त्याला डमी म्हणतात. घरातही वस्तू कुणाला दिली, दुरुस्तीला टाकली किंवा लॉकरमध्ये हलवली की तिच्या जागी चिठ्ठी ठेवा. रिकाम्या जागेकडे बघून डोकं धरण्याची वेळ येत नाही.

वहीच्या शेवटच्या पानांवर मी नावांची यादी ठेवली आहे, कारण एकच वस्तू घरात तीन नावांनी वावरते. 'पक्कड: पाहा पाना-पेटी.' 'पिना, सेफ्टीपिना, टाचण्या: पाहा शिवणाचा डबा.' सून आल्यावर यादीत भर पडली. तिच्या माहेरच्या शब्दांना आमच्या घरात जागा नव्हती, ती या पानांवर मिळाली.

डब्यांवर काय लिहायचं आणि कशाने?

सेलोटेपखाली चिकटवलेला कागद मुंबईच्या हवेत एक पावसाळा काढतो. नंतर टेप पिवळी पडते, कागद गळून पडतो आणि डबा पुन्हा अनामिक होतो. रंगकामवाले वापरतात ती कागदी चिकटपट्टी आणि न पुसणारा मार्कर बराच टिकतो. गाठोड्याला पुठ्ठ्याचा तुकडा सुतळीने बांधावा, जुनी पद्धत, उत्तम पद्धत.

'इतर', 'किरकोळ', 'काहीबाही' असं कधीही लिहू नका. तो डबा कुणी उघडत नाही आणि सगळं त्यातच असतं.

लांब नावं लिहिण्यापेक्षा खूण करा. आपल्या डबेवाल्यांकडे बघा. १८९० पासून हे काम चाललंय, पण डब्याच्या झाकणावर पूर्ण पत्ता कधी नसतो. स्टेशन, इमारत, मजला यांची चार अक्षरं-आकडे आणि रंग असतात, कारण डबा तीन-चार हातांतून जातो आणि प्रत्येकाला एका नजरेत कळायला हवं. घरात एवढंच करा: गणपतीच्या डब्यावर लाल पट्टी, कपड्यांवर निळी, कागदांवर पिवळी. लहान मुलांना आणि चष्मा न सापडलेल्या आजोबांनाही रंग कळतो.

आणि आपल्याकडे भांड्यांवर नाव कोरायची पद्धत आहेच की. दुकानदार ते घूंघूं करणारं यंत्र काढतो आणि 'सौ. अमुकतमुक यांस सप्रेम भेट' कोरून देतो. मी गेल्या खेपेला स्टीलच्या डब्यांच्या बुडाला आकडे कोरून घेतले. दुकानदार हसला, पण कोरले.

बॉक्स बेडमध्ये सगळं गडप होतं. त्याचं काय?

बॉक्स बेड म्हणजे जमिनीवरचा माळा. गादी उचलायची, फळी उचलायची, एकाने धरायची, दुसऱ्याने आत वाकायचं. म्हणून त्यात मोठ्या आणि क्वचित लागणाऱ्या गोष्टी: जादा गाद्या, उशा, पाहुण्यांच्या चादरी, गोधड्या. कागदपत्रं नकोत, औषधं नकोत, आणि आजारी माणूस झोपतो त्या बेडमध्ये रोजचं काहीच नको.

फळीच्या आतल्या बाजूला बेडचा नकाशा चिकटवा. चार चौकोन काढा, कुठल्यात काय ते लिहा. फळी उचलली की नकाशा डोळ्यांसमोर असतो. चादरी जोडीने बांधायच्या: पलंगपोस आणि दोन अभ्रे एका अभ्र्यातच कोंबून एक गाठोडं. मग रात्री अकराला पाहुणे आले तरी एक गाठोडं ओढलं की काम झालं.

कागदपत्रं कशी ठेवावीत?

एका ठिकाणी, उंचावर, आणि दोन माणसांना माहीत असतील अशी.

उंचावर का, ते २६ जुलै २००५ पाहिलेल्यांना सांगावं लागत नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावरच्या घरांत कपाटांचे खालचे कप्पे पाण्यात होते, आणि आपल्याकडे कागद ठेवायची परंपरागत जागा नेमकी तीच, कपाटातला खालचा ड्रॉवर. नंतर कितीतरी दिवस लोक गॅलरीत दोरीवर कागद वाळत घालत होते. तळमजल्यावर राहत असाल तर कमरेच्या वर, आणि झिपच्या प्लॅस्टिक फोल्डरमध्ये.

फायली माणसाप्रमाणे करा, अधिक एक घराची. प्रत्येकाच्या फायलीत जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, मार्कशिटा, पॅन, आधार, पासपोर्ट. घराच्या फायलीत करारनामा, इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा उतारा), शेअर सर्टिफिकेट (सोसायटी देते ते), मेंटेनन्सच्या पावत्या, वीजबिल, रेशनकार्ड. गावाकडची जमीन असेल तर सातबाराचे उतारे वेगळ्या फायलीत, कारण ते मागणारा भाऊ वेगळा असतो. शेअर सर्टिफिकेट लॉकरमध्ये ठेवत असाल तर घरच्या फायलीत त्याची झेरॉक्स ठेवा आणि वर लिहा: 'मूळ प्रत लॉकरमध्ये.' हे एक पान हरवलं तर पोलिसांत नोंद, हमीपत्र, कमिटीपुढे अर्ज अशा फेऱ्या सुरू होतात.

मूळ कागद लॅमिनेट करू नका. एकदा केलेलं सुखरूप उलगडत नाही. फ्रिज-मिक्सरच्या पावत्या बऱ्याचदा थर्मल कागदावर असतात, वॉरंटी संपायच्या आधी अक्षरं उडून जातात. त्याच दिवशी झेरॉक्स काढा. लायसन्स, गाडीचं आरसी असे कागद २०१५ पासून सुरू असलेल्या डिजिलॉकरमध्ये ठेवता येतात, आणि तिथे खात्याने थेट दिलेला कागद मूळ प्रतीसारखाच धरला जातो. आपण फोटो काढून चढवलेल्या प्रतीला तो मान नसतो, हा फरक लक्षात ठेवा.

एक पातळ लाल फाइल दाराजवळ ठेवा: मेडिक्लेम, प्रत्येकाचा रक्तगट, चालू औषधं, डॉक्टरांचे फोन, शेवटचे रिपोर्ट. आमच्याकडे ती मीटरच्या पेटीशेजारी खिळ्याला टांगलेली आहे. दिसायला वाईट दिसते. सासूबाई तिला 'लाल पिशवीची सून' म्हणायच्या.

पावसाळ्यात कपड्यांना वास येतो, बुरशी धरते. साड्या कशा ठेवाव्यात?

कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका. चार बोटं अंतर ठेवा, हवा खेळते. गच्च भरलेल्या कपाटात आधी दमट होतो तो मागचा कोपरा. बुटांच्या खोक्यांत येणाऱ्या सिलिकाच्या पुड्या फेकू नका, कपाटात टाका. फक्त लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

पैठणी, शालू, नऊवारी रेशमी साड्या प्लॅस्टिकमध्ये नकोत. जुन्या मलमलीत किंवा धुतलेल्या सुती धोतराच्या तुकड्यात गुंडाळा. त्या लाल-पिवळ्या पारदर्शक पिशव्या दुकानातच शोभतात. दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीवरच चिरते. जरीला अत्तर आणि डांबराच्या गोळ्या थेट लागू देऊ नका. बाळाच्या कपड्यांत तर डांबराच्या गोळ्या मुळीच नकोत. काही बाळांच्या रक्ताला त्या बाधतात.

सापडण्याच्या दृष्टीने एक युक्ती: मलमलीच्या प्रत्येक घडीला साडीच्याच फॉलची किंवा ब्लाऊजच्या कापडाची चिंधी टाचा. बाहेरून सगळ्या घड्या पांढऱ्या, पण चिंधी सांगते आत कोण आहे ते. नवरात्रात हिरवी हवी असेल तर दहा घड्या उलगडाव्या लागत नाहीत.

स्वयंपाकघरात स्टीलचे डबे सारखेच दिसतात. काचेच्या बरण्या घ्याव्यात का?

रोजच्यासाठी घ्या, परवडत असतील तर. पण चालू डबे फेकून नव्हे. रवा आणि वरीचे तांदूळ यांत एकदा गल्लत झाली की माणूस आपोआप चिठ्ठ्या लावायला लागतो.

डाळी-तांदळांपेक्षा जास्त गोंधळ उरलेल्या पुड्यांचा असतो. रबर लावलेली अर्धी पुडी कुठेतरी सरकते आणि आपण दुसरी आणतो. एक पसरट डबा फक्त उघड्या पुड्यांसाठी ठेवा, आणि वाण्याची यादी करण्याआधी तो बघा. औषधं ओट्यावरच्या कपाटात ठेवू नका, तिथे वाफ आणि उष्णता दोन्ही असतात.

फ्रिजवर सगळं साठतं!

साठू दे. प्रत्येक घराला अशी एक जागा लागतेच, नाहीतर तोच ढीग डायनिंग टेबलवर येतो. तिथे एक काठ असलेला ट्रे ठेवा आणि रविवारी रिकामा करा. किल्ल्या मात्र फ्रिजवर नाही, दाराच्या आत खिळ्याला.

सासूबाई काही टाकू देत नाहीत. पसारा कमी कसा करू?

तुमच्या वस्तूंपासून सुरुवात करा. दुसऱ्याच्या वस्तू त्याच्या पाठीमागे टाकून आवरलेलं घर मी पाहिलंय. तिथे माणसं नंतर कपाटांना कुलूप लावतात.

टाकण्याचा आग्रहही थोडा कमी करा. ज्या पिढीने रेशनच्या रांगा पाहिल्या ती रिकामी बाटली सहज टाकणार नाही. 'टाकू का?' विचारलं तर उत्तर नाहीच येणार. 'कुणाला देऊ?' विचारा. बोहारीण आली की त्याच सासूबाई चार जुन्या पॅंटी आणि दोन साड्या काढून घासाघीस करून पातेलं घेतात. रद्दी, डबे, जुने चार्जर यांची सोय वेगवेगळी. बिघडलेला मोबाइल, सेल, वायरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नयेत, तो ई-कचरा असतो आणि वेगळा द्यायचा असतो. फक्त त्या नव्या पातेल्याची वहीत नोंद करा.

जागा नाही म्हणून पॅसेजमध्ये कपाट ठेवलं तर?

नको. जिना आणि सामायिक मार्ग मोकळा ठेवावा लागतो. महाराष्ट्रात आगीपासून बचावासाठी २००६ चा स्वतंत्र कायदा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी धुराने भरलेल्या अंधाऱ्या पॅसेजमध्ये तुमचं चपलांचं कपाट कुणाच्या तरी गुडघ्याला लागणार आहे.

डबे, पेट्या, चिकटपट्ट्या कुठून घ्याव्यात?

आधी मोजमाप घ्या, मग खरेदी. माळ्याच्या तोंडाची उंची मोजायला विसरून आणलेले डबे आत जात नाहीत, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. दोन डबे आजही गॅलरीत आहेत, त्यांत तुळस आणि गवती चहा. स्टेशनरीसाठी अब्दुल रहमान स्ट्रीट, किरकोळ सगळ्यासाठी क्रॉफर्ड मार्केटचा परिसर. बाकी जवळच्या स्टेशनबाहेर जे मिळतं ते चालतं. सगळे डबे एका आकाराचे घ्या, एकावर एक बसतात.

बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाते आहे. तीन वर्षं भाड्याच्या घरात राहायचं. सामान कसं बांधू?

दोन ढीग करा: 'उघडायचं' आणि 'नव्या घरातच उघडायचं'. दुसऱ्या ढिगातली खोकी भाड्याच्या घरात एका भिंतीला लावून ठेवली तरी चालतात, पण नंबराची बाजू खोलीकडे. भिंतीकडे तोंड करून ठेवलेली खोकी मी एका बहिणीकडे पाहिली. तीन वर्षं तिने तांब्याची घागर शोधली आणि ती रोज तिलाच टेकून टीव्ही बघत होती.

पुस्तकं लहान खोक्यांत, नाहीतर खोकं उचलत नाही आणि बुड फाटतं. खोक्यावर सध्याच्या खोलीचं नाव नको, सामान जिथे जायचंय तिथलं हवं. टेम्पोवाल्याला 'आतली खोली' लगेच कळतं. पहिल्या रात्रीची पिशवी स्वतःच्या हातात: चहा-साखर, गाळणं, एक पातेलं, लायटर, साबण, टॉवेल, औषधं, चार्जर, बल्ब, टेस्टर, चटई. कागदांच्या फायली टेम्पोत जाऊ देऊ नका. आणि मजुरांना लवकर पोचवायची घाई असली तरी वहीत नंबर लिहिल्याशिवाय एकही खोकं दाराबाहेर नाही.

वहीऐवजी फोन चालेल का?

चालेल. घरच्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप करा, डबा बंद करण्याआधी आतला फोटो टाका आणि खाली लिहा: 'डबा ७, माळा, ताडपत्री, दोरी.' नंतर 'ताडपत्री' शोधलं की संदेश निघतो. नुसता फोटो टाकलात तर शोधताना काही सापडणार नाही, शब्द लागतोच. मी दोन्ही ठेवते, कारण वीज गेली, फोन बंद पडला, तरी वही उघडते.

आत्ता, या क्षणी एक वस्तू सापडत नाहीये. काय करू?

बसा. पाणी प्या.

मग जिथे असायला हवी तिथेच पुन्हा बघा, पण या वेळी सगळं बाहेर काढून. वरवर चाळताना वस्तू दुसऱ्या वस्तूखाली सरकते. मग ती शेवटची वापरली तेव्हा तुम्ही कुठे उभ्या होतात ते आठवा आणि त्या जागेपासून हाताच्या अंतरात बघा. त्यानंतर पिशव्या. मुंबईत वस्तू पिशवीत हरवते: ऑफिसची, भाजीची, दाराच्या कडीला टांगलेली, पिशवीतली पिशवी. शेवटी ज्याला शोधायला सांगितलं नाही अशा माणसाला सांगा. ग्रंथालयातही चुकीच्या फळीवर गेलेलं पुस्तक बहुतेक वेळा दुसरंच पुस्तक शोधणाऱ्याला सापडायचं.

आणि सापडली की जुन्या जागी ठेवू नका. तुम्ही पहिल्यांदा जिथे बघितलंत, ती तिची खरी जागा.

तुमच्याकडे काहीच हरवत नाही का?

आईचा पितळी अडकित्ता. गिरगावातलं बिऱ्हाड हलवलं तेव्हा मी स्वतः बांधला. वहीत माझ्याच अक्षरात नोंद आहे: 'डबा ११, अडकित्ता, पानाचं तबक, चुन्याची डबी.' डबा ११ मध्ये तबक आहे, डबी आहे, वातींचा कापूस आहे. गेल्या दसऱ्याला सगळा माळा उतरवून बघितला. नवरा म्हणाला, "कुठेतरी जपून ठेवला असशील."